‘कधीच नाही’चा रकाना

शाळेचं पत्र बंद पाकिटातून आलं, तिथंच मला पहिली शंका आली. आमच्या भागातली शाळा पाकिटं वापरत नाही. सहल असो, पालकसभा असो, वहीच्या मागच्या पानावर दोन ओळी लिहून आणायला सांगतात आणि खाली पालकाची सही मागतात. माझी मुलगी तेव्हा नववीत होती. मी ओट्यापाशी भाकऱ्या थापत होते. तिनं दप्तरातून पाकीट काढलं, माझ्याकडं न बघता पिठाच्या डब्याशेजारी ठेवलं आणि म्हणाली, “बाईंनी दिलंय. तुलाच उघडायला सांगितलंय.”

हात धुऊन मी ते उघडलं. आपल्या पाल्याची अध्ययनविषयक तपासणी तज्ज्ञांकडून करून घ्यावी आणि अहवाल शाळेस सादर करावा, असं त्यात होतं. खाली तीन केंद्रांची नावं होती. मुख्याध्यापकांची सही होती, शिक्का होता, पण जावक क्रमांक नव्हता.

मी ग्रामपंचायतीत संगणक चालवते. दिवसभर माझ्या हाताखालून कागद जातात. जावक क्रमांक नसलेलं पत्र म्हणजे उद्या ‘आम्ही असं काही लिहिलंच नव्हतं’ म्हणता येईल असं पत्र, हे मला नोकरीनं शिकवलेलं होतं. मी ते पत्र तीनदा वाचलं. तिन्ही वेळा वेगळीच भीती वाटली.

माझा नवरा टेम्पो चालवतो. आमच्या मारुंजीत जी घरसामानाची ने-आण चालते तिच्यातलीच त्याची रोजची धावपळ. तो जेवायला बसला तेव्हा मी त्याला पत्र वाचून दाखवलं.

“तीन नावं दिल्यात म्हंजे तिघांकडं यांचं काहीतरी असणार,” तो म्हणाला. “उगाच कोण कुणाचं नाव लिहून देतंय?”

सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, भिंतीला टेकून लसूण सोलत होत्या. “काय तपासायचं म्हणत्यात? ताप हाय का पोरीला?”

“डोकं तपासणार, आत्या. म्हणजे अभ्यासाचं.”

“डोस्कं? ती काय येडी हाय व्हय? उद्या लगीन जमवायचंय तिचं. कुणाच्या कानावर गेलं तर तुझं ते पत्र येणार हाय का उत्तर द्यायला?”

मुलगी आतल्या खोलीत होती. दार उघडंच होतं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी शाळेत गेले. फाटकावर मोठा फलक आहे: दहावीचा निकाल शंभर टक्के. रोज बघून न बघितल्यासारखा झालेला तो फलक त्या दिवशी मी नीट वाचला. शंभर टक्के निकाल कसा लागतो ते आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे असं आम्हाला वाटतं. कच्ची मुलं नववीतच गाळायची आणि त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवायचं. मग शाळेच्या यादीत नापास होणारं कुणी उरतच नाही.

वर्गशिक्षिका मराठी शिकवायच्या. त्यांनी मला बाकावर बसवलं आणि मुलीचा पेपर समोर ठेवला.

“तोंडी विचारलं की वर्गात सगळ्यांच्या आधी हिचा हात वर,” त्या म्हणाल्या. “कविता पाठ, धडे पाठ. लिहायला दिलं की हे असं.”

पेपरात अक्षरं होती, पण त्यांची जागा चुकलेली होती. एका ओळीत ‘शेतकरी’ तीन तऱ्हांनी लिहिला होता.

“लक्ष नसतं तिचं,” मी म्हणाले.

“लक्ष असतं हो. तेच तर मला कोडं आहे.”

मी सरळ विचारलं, “तुम्हाला तिला सतरा नंबर भरायला लावायचाय का? तसं असेल तर स्पष्ट सांगा.”

बाईंनी पेपर मिटला. “उलट म्हणतेय मी. आत्ता कळलं तर पुढं सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र काढता येईल. दहावीला जादा वेळ मिळतो, गरज पडली तर लेखनिक मिळतो. ती सांगेल, दुसरं कुणी लिहील.”

दुसरं कुणी लिहील, हे ऐकून मला राग आला. मी माझ्या आईवडिलांच्या सगळ्या घराण्यात पहिली पदवीधर. पौडच्या पुढच्या आमच्या वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत एकच गुरुजी होते, चार वर्ग एका खोलीत. त्यांनी माझं अक्षर बघून वडिलांना सांगितलं होतं, हिला थांबवू नका. पुढं कॉलेजचा फॉर्मसुद्धा त्यांनीच माझ्याकडून भरून घेतला, पेन्सिलीनं आधी आणि मग शाईनं. आज मी पगाराची नोकरी करते ती त्या माणसाच्या उपकारांवर, असं मी मानते. अशा घरात, माझ्या पोटी, दुसऱ्याच्या हातानं पेपर लिहिणारी मुलगी? मला ते कॉपीसारखंच वाटलं.

पण शाळेला नाही म्हणायची हिंमतही नव्हती. मग मी मधला मार्ग काढला. शाळेनं दिलेल्या तीन नावांपैकी एकाकडंही जायचं नाही. भूगावला एका इमारतीवर मी माहेरी येता-जाता एक पाटी बघितली होती, मुलांच्या अध्ययन-अडचणींची तपासणी. तिथं जायचं. शाळेचा तिथं संबंध नसणार, आणि चांदणी चौकापलीकडं आमच्या गावातलं कुणी भेटणारही नाही.

आणि जायच्या आधी तयारी करायची.

हे मला आज लिहायला अवघड जातंय, पण तेव्हा त्यात काही चूक आहे असं मनालाही शिवलं नाही. चाचणी म्हणजे परीक्षा आणि परीक्षा म्हणजे तयारी. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला गुरुजींनी आम्हाला दिवाळीच्या सुट्टीतही बसवून बुद्धिमत्तेचे प्रश्न सोडवून घेतले होते. मी दुकानातून तसलंच एक पुस्तक आणलं. दहा दिवस, ऑफिसातून आल्यावर, मुलीला घेऊन बसले.

पुस्तकातला उतारा पुढं ठेवला की ती म्हणायची, “आधी तू वाच ना एकदा.”

“का? तुला डोळे नाहीत?”

“तू वाचलंस की मला लवकर येतं.”

मी वाचायचे. ती लगेच तो उतारा घडाघडा म्हणून दाखवायची, आणि मला समाधान वाटायचं. पहिलीपासून आमचा अभ्यास असाच चालत आला होता. माझे हात पिठात, पुस्तक डब्याला टेकवलेलं, मी मोठ्यानं वाचतेय आणि ती ऐकतेय. मला वाटायचं, केवढी गोडी आहे पोरीला माझ्याजवळ बसायची.

भूगावला आम्ही स्कूटरवरून गेलो. केंद्र दुसऱ्या मजल्यावर होतं आणि शेजारच्या प्लॉटवर बिल्डरचं काम चाललं होतं. काँक्रीट कालवायचं यंत्र अखंड घरघरत होतं. तपासणी करणाऱ्या मॅडम माझ्याहून लहान दिसत होत्या. त्यांची मराठी शहरी, हळू आवाजातली. त्या मुलीशी आधी अर्धा तास नुसत्या गप्पा मारत बसल्या. सुट्टीत काय करतेस, कासारसाईच्या धरणावर जाता का, घरी कोण कोण असतं. मी मनात म्हटलं, आत्ताच सगळी माहिती काढून घेतायत.

मग मुलीला आत नेलं आणि दार लावलं.

“मी बसते ना कोपऱ्यात,” मी म्हणाले.

“बाहेरच बसा, ताई. आई समोर असली की मुलं आईच्या चेहऱ्याकडं बघतात.”

पोटच्या पोरीला दाराआड नेऊन काय विचारायचं असेल, जे आईसमोर विचारता येत नाही? मी दाराच्या जवळची खुर्ची धरली, पण त्या यंत्राच्या घरघरीत काही ऐकू येईना. तेवढ्यात तिथल्या मदतनीस बाईंनी मला एक फॉर्म दिला. पालकांसाठीची प्रश्नावली.

फॉर्म म्हटल्यावर मला बरं वाटलं. ते माझं काम. आमच्या पंचायतीत निराधार योजनेपासून जन्माच्या दाखल्यापर्यंत लोक माझ्याकडूनच अर्ज भरून घेतात, कारण मी भरलेला अर्ज तालुक्याहून त्रुटी लागून परत येत नाही. त्याची माझी एक पद्धत आहे. एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही, खाडाखोड करायची नाही आणि ज्यावर पुढचा माणूस प्रश्न विचारू शकेल असं काहीही लिहायचं नाही.

त्या प्रश्नावलीत पानंच्या पानं वाक्यं होती आणि प्रत्येकापुढं चार रकाने: कधीच नाही, कधीकधी, बरेचदा, नेहमी. मूल वाचन टाळते का? वस्तू विसरते का? फळ्यावरचे उतरवून घेताना ओळी गाळते का? डावे-उजवे यात गोंधळते का?

मी सुबक बरोबरच्या खुणा केल्या. कधीच नाही. कधीच नाही. कधीच नाही. मधे एकदोन ठिकाणी ‘कधीकधी’ टाकलं, कारण सगळंच चांगलं लिहिलं तरी तपासणाऱ्याला संशय येतो, हेही मला ठाऊक होतं. कुटुंबात कुणाला वाचनाची अडचण आहे का, या प्रश्नापुढं ‘नाही’ लिहून खाली रेघ मारली.

दीडेक तासानं मुलगी बाहेर आली. मॅडम म्हणाल्या, “आज आवाज फार होता. शब्द सांगून लिहायला लावले ते मी चार दिवसांनी परत घेईन, मला त्याची खात्री वाटत नाही. आणि घरी तिला काही विचारू नका हं, काय झालं, कसं झालं. तिला मोकळं राहू द्या.”

मी मान डोलावली. खाली स्कूटर काढली, चांदणी चौकाच्या पुलावर लागलो आणि विचारलं, “काय काय विचारलं?”

“सांगू नको म्हणाल्या.”

“आईला सांगू नको असं कुणी म्हणतं का कधी? सांग.”

तिनं सगळं सांगितलं. ठोकळे जुळवायचे होते, चित्रातलं काय राहिलं ते ओळखायचं होतं, गोष्ट ऐकून परत सांगायची होती. आणि ते श्रुतलेखनाचे वीस शब्द. ते तिनं मला ओळीनं म्हणून दाखवले, एकही न चुकता, स्कूटरच्या मागं बसून. मी घरी येऊन आधी ते वहीत उतरवले.

पुढचे तीन दिवस आम्ही ते वीस शब्द घोटले. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर, हवेत बोटानं काढायचं, पाटीवर काढायचं, वहीत काढायचं. चौथ्या दिवशी सकाळी तिचे वीसच्या वीस बरोबर आले. आनंदानं मी तिच्या डब्यात तिला आवडतो तो गुळाचा शिरा दिला.

त्या दिवशी भूगावचं यंत्र बंद होतं. दार लागलं आणि दहा मिनिटांतच उघडलं.

“ताई, जरा आत येता?”

मुलगी मान खाली घालून बसली होती. मॅडमनी माझ्यासमोर कागद ठेवला. वीस शब्द, नीट रांगेत.

“घरी हे शब्द घेतले का तुम्ही?”

“रोजच अभ्यास घेते मी तिचा.”

“हेच शब्द?”

मी मुलीकडं बघितलं. “चुकले का काही? मला तर सगळे बरोबर दिसतायत.”

“सगळे बरोबर आहेत. मी सहावा शब्द सांगायच्या आतच तिनं तो लिहिला होता. मी थांबून बघत राहिले, तर तिनं माझ्याशिवाय विसापर्यंत लिहून काढले.”

मी म्हणाले, “मग हुशारच आहे ना ती? हेच लिहा तुमच्या अहवालात.”

त्यांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक माझा फॉर्म. दुसरा वर्गशिक्षिकांनी भरलेला, जो केंद्रानं परस्पर शाळेतून मागवला होता. हे मला माहीत नव्हतं, आणि शाळेचा इथंही हात पोचला, या विचारानं माझ्या अंगाची लाही झाली.

“बाईंच्या फॉर्ममध्ये एक मुलगी आहे, तुमच्या फॉर्ममध्ये दुसरीच,” मॅडम म्हणाल्या. “मी कुठल्या मुलीबद्दल लिहू? असं असताना मला अहवाल देता येणार नाही, ताई. दिला तर तो खोटा होईल. पुढं रुग्णालयात तिची परत तपासणी होईल, तिथं ते सगळं एकमेकांशी ताडून बघतात. त्यांना मेळ लागला नाही तर प्रमाणपत्र अडेल, आणि दहावीला तिला काहीच मिळणार नाही.”

“म्हणजे आता काय?”

“तीन आठवडे थांबू. मी दुसरे शब्द घेईन. तुम्ही हा फॉर्म नवा भरा. आणि तोवर चाचणीसारखं काहीही घेऊ नका तिच्याकडून.”

मी फॉर्म घेतला, पण माझा विश्वास बसला नव्हता. मला वाटलं, आता पोरीत दोष काढल्याशिवाय या सोडणार नाहीत. दोष नसेल तर यांचं काम काय राहिलं? जिना उतरताना मी मुलीला म्हणाले, “थोडं थांबून लिहिता येत नव्हतं का? त्यांनी सांगितल्यावर?”

ती पुढं होऊन जिना उतरली. स्कूटरपाशी आल्यावर म्हणाली, “तू काय लिहिलं होतंस माझ्याबद्दल?”

“काय लिहिणार? चांगलंच लिहिलं.”

“म्हणजे काय?”

“हेच. की तू काही विसरत नाहीस. वाचायचा कंटाळा करत नाहीस. ओळी गाळत नाहीस.”

“कधीच?”

“कधीच.”

“मग रोज ओरडतेस कुणावर?”

घरी पोचेपर्यंत ती माझ्या खांद्याला धरून बसली नाही. मागचा दांडा धरून बसली.

मला माझी शंका स्वस्थ बसू देईना. आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत मी वहीला हात लावला नाही, हे खरं. नवव्या दिवशी मात्र मी दार लावून घेतलं आणि तिला म्हटलं, ते जुनेच वीस शब्द लिही. त्या मॅडम ते परत वापरणार नाहीत, तेव्हा त्याचं काही बिघडत नाही. मला फक्त बघायचंय.

“काय बघायचंय?”

“त्या खोटं बोलतायत का ते.”

ती बसली. मी एकेक शब्द सांगत गेले. चार बरोबर आले. फक्त चार. जे शब्द आठ दिवसांपूर्वी तिनं न सांगता लिहिले होते, ते सांगूनही आले नाहीत. ‘विश्वास’ तिनं तीनदा खोडला आणि तिन्ही वेळा वेगळा लिहिला. ती कंटाळा करत नव्हती. पेन्सिल इतकी दाबून धरली होती की बोटांची टोकं पांढरी पडली होती, आणि ओठांनी ती तो शब्द बरोबर उच्चारत होती, पुन्हा पुन्हा. मी तिच्यासमोर बसून ते पाहिलं. नऊ वर्षं मी तिचा अभ्यास घेतला होता आणि तिला लिहिताना अशी समोर बसून मी कधी बघितलीच नव्हती. माझी पाठ असायची तिच्याकडं, ओट्याकडं तोंड करून.

“बास,” मी म्हणाले. “ठेव.”

“खोटं बोलतायत का त्या?”

“नाही.”

पुढच्या रविवारी मी नवा फॉर्म घेऊन बसले. मुलगी मैत्रिणीकडं गेली होती. आत्या शेजारी तांदूळ निवडत होत्या. मी मनाशीच वाचत होते, तर त्या म्हणाल्या, “मोठ्यानं वाच की. मला बी कळू दे काय इचारत्यात.”

मी वाचलं, “मूल घड्याळ बघून वेळ सांगू शकते का?”

“न्हाई,” आत्या ताबडतोब म्हणाल्या.

“असं कसं, आत्या? तिच्या खोलीत घड्याळ आहे.”

“हाय की. किती वाजलं इचार, तर म्हणती, मगाशी बघितलं, बंद पडलंय वाटतं. न्हाईतर खिडकीतनं कुणाला तरी हाळी मारती. पुढचं वाच.”

“वाचावे लागेल अशा ठिकाणी दुसऱ्याची मदत घेते का?”

“बसची पाटी वाचत न्हाई. ड्रायव्हरला इचारती, मारुंजीला जाती का म्हणून. दुकानात पुडा हातात घेती, वास घेती, मग आणती. लग्नाची पत्रिका आली की म्हणती, आजी, डोळं दुखत्यात, आई आली की वाचंल.”

मी पेन खाली ठेवलं. “तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?”

“तिसरीत होती तवापासनं.”

“मग बोलला का नाहीत?”

आत्यांनी सूप बाजूला सारलं. “अगं, मी शाळेची पायरी चढली न्हाई. साठ वरसं मी हेच करतीया. चष्मा घरी ऱ्हायला म्हणायचं, डोळ्यात काय गेलं म्हणायचं, दुसऱ्याला फुडं घालायचं आन् मागनं जायचं. मला कळणार न्हाई व्हय? पोरगी माझ्यावानीच करती, हे मला दिसत हुतं.”

“पण मला सांगायचं होतं.”

“तुला?” त्या हसल्या, पण ते हसणं माझ्या अंगाला झोंबलं. “तू शिकलेली. सही येत न्हाई म्हणून अंगठा लावणाऱ्याला तू हाफिसात कशी बघतीस, ते मी बघितलंय. दोनदा आलीया मी तितं, पेन्शनीच्या कामाला. म्हटलं, पोरीला बी तसंच बघंल. त्यापरीस झाकून ऱ्हावं. घरात एक तरी कुणी तिच्या बाजूचं पायजे ना.”

शाळेवर, बाईंवर, मॅडमवर, दाराआडच्या खोलीवर, सगळ्यांवर मी शंका घेतली होती. माझ्याच घरात माझ्यावर शंका घेऊन दोघीजणी सहा वर्षं काहीतरी जपत होत्या, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

“वाच,” आत्या म्हणाल्या. “संपव ते. आन् आता खरं लिही, माझं नाव सांगून लिही.”

आम्ही तो फॉर्म दुपारभर भरला. पुष्कळ ठिकाणी खाडाखोड झाली. एका जागी मी ‘कधीकधी’ म्हणत खूण केली, तर आत्यांनी माझी चलाखी ओळखली, कारण मी वाचताना अडखळले होते. “कधीकधी न्हाई. नेहमी,” त्या म्हणाल्या. मी ते खोडून बरोबर केलं. मी भरलेला तो पहिलाच अर्ज असेल, जो तालुक्याला गेला असता तर नक्की परत आला असता.

तीन आठवड्यांनी भूगावला गेलो तेव्हा मी आधी मॅडमना सांगितलं की पुस्तक आणून दहा दिवस तयारीही करून घेतली होती. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त लिहून घेतलं आणि म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंत. मी ते धरून चालेन.” या वेळी मी दारापासून लांबच्या खुर्चीत बसले. तरी मन शांत नव्हतं. मदतनीस बाई फोनवर हसल्या तरी मला वाटत होतं, आमच्यावरच हसतायत. अशी सवय एका दुपारीत जात नाही.

अहवाल आठवड्यानं मिळाला. सहा पानं, मराठीत, मी मागितला होता तसा. मॅडमनी समजावून सांगितलं, पुढं रुग्णालयात कुठले कागद लागतील ते लिहून दिलं. मी आभार मानले, आणि ते मनापासून होते. बाहेर आल्यावर मुलगी इमारतीच्या पायरीवर बसली.

“वाच,” ती म्हणाली.

“घरी जाऊन वाचू.”

“इथंच. घरी गेलीस की आधी तू एकटी वाचशील.”

मी तिच्याशेजारी बसले आणि वाचायला लागले. विचारशक्ती वयाला साजेशी, काही बाबतींत वयापेक्षा चांगली. ऐकून लक्षात ठेवण्याची क्षमता उत्तम. वाचन आणि लेखन यांत विशिष्ट अडचण. ही अडचण आळसामुळे किंवा प्रयत्न न केल्यामुळे नाही. ते वाक्य तिनं मला दोनदा वाचायला लावलं. मग तिसऱ्या पानावर मी आले आणि माझे डोळे पुढच्या ओळीवर अगोदरच गेले.

“पुढं?”

“पुढं काही नाही. तक्ता आहे. आकडे आहेत.”

“आकडे वाच मग.”

मी पान उलटायला हात लावला. तिनं पानावर हात ठेवला. शेजारच्या प्लॉटवरून विटा उतरवायचा आवाज येत होता. मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्या चेहऱ्याकडं बघत होती, जणू काय लिहिलंय ते तिला तिथंच वाचता येणार होतं, आणि बहुतेक वाचता येतही होतं.

“वाचनाची सध्याची पातळी,” मी वाचलं, “इयत्ता तिसरीच्या मुलाइतकी.”

मी तिच्या खांद्यावर हात टाकणार होते, तेवढ्यात ती म्हणाली, “तिसरी?”

“हो.”

“नक्की?”

“तसं लिहिलंय.”

“मला वाटलं पहिलीची असेल.” तिनं एक मोठा श्वास सोडला आणि पानावरचा हात काढला. “उलट आता. सगळं वाच. काही गाळू नको.”

मी पान उलटलं आणि वाचायला लागले.